पावसावर ताडपत्री

आमच्या पुंडलिकनगरात पाऊस आला की झाडून सगळे बाहेर यायचे, आणि खरात सर ताडपत्री घेऊन गच्चीवर पळायचे.

दिवस कुठले, तर नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, तेही तासभर, ते दिवस. सप्टेंबर अर्धा सरलेला असायचा. आभाळात कापसाच्या बोळ्याएवढा ढग दिसला तरी बायका आशेनं पन्हाळीखाली पिंपं लावायच्या. चार थेंब पडायचे, पोरंसोरं ओरडत रस्त्यावर यायची, आणि त्या आनंदात वरून एक घोगरा आवाज यायचा, "जोशी! अहो जोशी! दुसरं टोक धरा लवकर, सगळं वाटोळं व्हायलंय!" मग मी ऑफिसच्या पँटीत आमच्या दोन गच्च्यांमधला कठडा ओलांडून पलीकडे जायचो, आणि आख्ख्या शहरानं ज्याच्यासाठी नवस बोलले होते तो पाऊस आम्ही दोघं मिळून अडवायचो.

ताडपत्रीखाली असायचा भात. साठ बादल्यांत लावलेला, ओळीनं, प्रत्येक बादलीवर ऑइलपेंटनं नंबर. मराठवाड्यात, दुष्काळात, गच्चीवर भात! बरं, बादल्या गुलमंडीतून आणलेल्या, नव्याकोऱ्या, आणि प्रत्येकीच्या बुडाला तापल्या सळईनं पाडलेली पाच भोकं. टँकरपुढे एका बादलीच्या जागेवरून हमरीतुमरीवर येणाऱ्या आमच्या गल्लीला हे बघवायचं नाही. समोरच्या चव्हाणांनी तर कॉलनीच्या बैठकीत विषयच काढला. "इथं प्यायला पाणी नाही अन् हा माणूस भात पिकवायलाय. नासाडी आहे ही!"

खरात सर शांतपणे उठले. "चव्हाणसाहेब, नासाडी कशाची? मी पाणी देतच नाय. पाणी न देणं, हेच तर माझं काम आहे."

चव्हाणांनी विषय टँकरच्या वेळेवर नेला. समजलं म्हणून नव्हे.

सर शहरातल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. गाव कन्नड तालुक्यातलं, घाटाजवळचं. दर पौर्णिमेला पांढराशुभ्र सदरा घालून विहारात जायचे, एरवी वर्षभर एकच मातकट सफारी. त्यांचं काम त्यांनी मला कठड्यावर बसून एकदा समजावलं होतं. "हे बघा जोशी. भरघोस पिकणारा भात तहान सोसत नाय. अन् तहान सोसणारा भात भरघोस पिकत नाय. दोघांचं लग्न लावायचं. पण सोयरीक जमवायची तर पोरगी तहान सोसणारी आहे याचा पुरावा पाहिजे. नुसतं शेजारीपाजारी म्हणाले म्हणून चालत नाय."

पुरावा म्हणजे काय, तर कणीस बाहेर पडायच्या वेळी, ज्याला ते निसवणं म्हणत, नेमक्या त्या दिवसांत बादलीचं पाणी तोडायचं. बारा दिवस थेंब नाही. रोज काट्यावर बादलीचं वजन करायचं, दुपारी पानं किती गुंडाळली ते शून्य ते नऊ अशा आकड्यांत लिहायचं. तेराव्या दिवशी बघायचं कोण मेलं आणि कोण सावरलं. पावसाचे चार थेंब पडले तरी आकडे खोटे. म्हणून ती ताडपत्री.

भाताच्या या दुनियेतून सर कधी बाहेर येतच नसत. मला रक्तदाब निघाला तेव्हा बघायला आले. खुर्चीवर टेकले आणि म्हणाले, "ताण कुठल्या अवस्थेत आला ते सांगा. पोटरीत, म्हंजे कणीस पोटात असताना आला असता, तर अवघड होतं." चव्हाणांच्या सूनबाई लग्नानंतर दोन महिन्यांत भांडून माहेरी गेल्या, गल्लीत कुजबुज सुरू झाली, तर सर सगळ्यांसमोर चव्हाणांना म्हणाले, "निसवायच्या आधी झालं ना? मग सावरतंय." चव्हाण पुढे आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाहीत. सूनबाई मात्र खरोखरच परत आल्या. लग्नाच्या पंगतीत सर पानातलं भाताचं शीत चिमटीत दाबून बघायचे, खायला मात्र भाकरी मागायचे आणि वाढप्याला भाताचं वाण विचारायचे. तो बिचारा साधा भात की मसालेभात एवढंच सांगू शकायचा.

सर एकटेच राहत. भात लावायला लागले तेव्हा त्यांच्या पत्नीला, सुमनवहिनींना, जाऊन वर्ष झालं होतं. मूत्रपिंडाचं दुखणं, दोन वर्षं दवाखान्याच्या वाऱ्या. शेवटचे आठ दिवस माझी आई त्यांच्या उशाशी बसून होती. सर वहिनींबद्दल कधी बोलत नसत, आम्हीही विषय काढत नसू. एवढंच ठाऊक होतं, की एकेचाळीस नंबरच्या बादलीतली तांबडी साळ वहिनींच्या माहेरची. त्यांच्या आईनं मडक्यात राख घालून ठेवलेलं बी वहिनींनी लग्नात ओटीतून आणलं होतं. घाटाखालच्या खडकाळ रानात दुष्काळाच्या साली सगळं जायचं, तेव्हा ही साळ मूठभर का होईना पिकायची, असं त्या सांगायच्या.

पहिल्याच वर्षी आमच्याकडून घोटाळा झाला. सर दोन दिवस गावाला गेले होते. आई पापड वाळत घालायला गच्चीवर गेली आणि तिनं कठड्यापलीकडे माना टाकलेली ती रोपं पाहिली. त्या दिवशी आमच्या घरात मोजून दीड पिंप पाणी होतं. त्यातले तीन तांबे तिनं हळूच ओतले. तिघा जास्त केविलवाण्यांना एकेक. आणि खाली येऊन मला म्हणाली, "सर विसरले वाटतं रे. मी भागवलं."

सर परतल्यावर मी आईला घेऊनच त्यांच्याकडे गेलो. ते रागावले नाहीत. वही काढली, पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "कुठल्या बादल्या? तांब्या केवढा?" आईनं तांब्या आणून दाखवला. त्यांनी मापून बघितला आणि वहीत लिहिलं: 'क्र. १२, ३०, ४१. बाद. कारण: शेजारच्या काकूंची दया, प्रत्येकी एक लिटर.'

"अगं बाई, असं लिहितात का कुठं?" आई म्हणाली.

"जे झालं ते लिहावं लागतंय काकू."

त्यानंतर दोन वर्षं आईनं तिकडे पाहिलंसुद्धा नाही. चौथ्या वर्षी, ऑगस्ट संपता संपता, सर एका दुपारी आमच्याकडे आले. हातात वही आणि त्यांच्या गच्चीच्या जिन्याच्या कुलपाची चावी. भात संशोधन केंद्रात त्यांची एक जुनी विद्यार्थिनी होती, शिंदे मॅडम. सरांनी पाठवलेल्या आकड्यांवरून कुठलं बी केंद्राच्या चाचणीत घ्यायचं ते त्या ठरवत. त्यांचा निरोप आला होता. एकेचाळीसचे पूर्ण आकडे या वर्षी मिळाले नाहीत तर तिचं नाव यादीतून काढावं लागेल.

"मग अडचण काय आहे?" मी विचारलं. "आई तर आता लांबच असते."

सरांनी वही माझ्यापुढे सरकवली. मी पानं उलटली. दुसरं वर्ष: 'क्र. ४१. नववा दिवस. बाद. पाणी दिले. कारण: मी.' तिसरं वर्ष: 'क्र. ४१. आठवा दिवस. बाद. पाणी दिले. कारण: मी.'

माझ्या डोळ्यांपुढे तो भर बैठकीतला माणूस आला, पाणी न देणं हेच माझं काम आहे म्हणणारा. मला हसूही आलं आणि वाईटही वाटलं. सर जमिनीकडे बघत होते. "बाकी एकोणसाठ मेल्या तरी मला काय वाटत नाय जोशी. हिच्यापाशी गेलो की हात ऐकत नाय." मग त्यांनी चावी आईपुढे धरली. "काकू, बारा दिवस ही तुमच्याकडं. मी मागितली तरी द्यायची नाय."

असा आमचा कारभार सुरू झाला. सकाळी ऑफिसच्या आधी मी साठ बादल्या काट्यावर चढवायचो आणि उतरवायचो. कंबर कामातून गेली. दुपारी आई डोक्यावर पदर घेऊन पानं बघायला जायची. शून्य ते नऊ तिला पटेना. तिनं आपलं माप काढलं. पाच म्हणजे अळूवडीसारखं, सात म्हणजे विड्यासारखं, नऊ म्हणजे उदबत्तीसारखं. सरांनी ते वहीत जसंच्या तसं घेतलं आणि कंसात आकडा लिहिला.

पहिले चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी सर चष्मा वर राहिला म्हणून चावी मागायला आले. चष्मा त्यांच्या कपाळावर होता. सहाव्या दिवशी उंदीर आलेत का ते बघायचं होतं. सातव्या दिवशी आमची टाकी गळतेय असं त्यांना अचानक वाटलं, आणि ते आमच्याच जिन्यानं आमच्या गच्चीवर निघाले. आई जिन्यात आडवी बसून शेंगा फोडत होती, ती हलली नाही. "टाकी ठणठणीत आहे सर. गळायला आत पाणी कुठं आहे?"

नवव्या दिवशी रविवार होता, म्हणून मी घरी होतो. भर दुपारी दार वाजलं. सर उभे होते, हातात पाण्यानं भरलेला तांब्या. या वेळी काही बहाणा नव्हता.

"काकू, चावी द्या."

"नाही," आई म्हणाली.

"माझं घर आहे. माझी झाडं आहेत."

"तुम्हीच सांगितलंय सर. मागितली तरी द्यायची नाही."

ते आमच्या पायरीवर बसले. तांब्या दोन्ही हातांत धरलेला. मग तांब्याकडेच बघत म्हणाले, "शेवटी शेवटी पाणी मागायची. डॉक्टरनं दिवसाचं पाणी मोजून सांगितलं होतं. मी भांड्यावर रेघ मारून ठेवली होती. रेघेच्या वर घोटभर नाय दिलं कधी. म्हणायची, अहो, एकदा पोटभर द्या. मी म्हणायचो, मोजून घ्यावं लागतंय सुमन."

डॉक्टर बरोबर होते, सरही बरोबर होते, आणि तरी तो माणूस चार वर्षांनी भर उन्हात तांब्या घेऊन आमच्या पायरीवर बसला होता.

आई हळूच त्यांच्या शेजारी टेकली. "मी होते की तिथं," ती म्हणाली. "तुम्ही तिच्यासाठीच मोजत होतात. तिलाही कळत होतं ते. मला म्हणायची, मास्तर आहेत माझे, त्यांचं माप चुकायचं नाही." मग तिनं कनवटीची चावी काढून तळहातावर ठेवली. "ही घ्या. न्यायची असेल तर न्या. मी काही म्हणणार नाही."

सरांनी चावीकडे बघितलं. शेवटी ते उठले. तांब्या आईच्या पायाशी ठेवला. "नाय. राहू द्या तुमच्याकडंच," म्हणाले, आणि गेले. आईनं तांब्यावर ताटली झाकून तो देवघराशेजारी ठेवला. त्या आठवड्यात नळ आलाच नाही, पिंपं कोरडी पडली, तरी त्या तांब्याला कोणी हात लावला नाही.

त्या वर्षीची वही पुढे शिंदे मॅडमकडे गेली, आणि एकेचाळीस केंद्राच्या वाफ्यात लागली. पण मला आठवतो तो तेराव्या दिवसाचा सकाळचा प्रहर.

सर जिना चढले ते एकेका पायरीवर थांबत. वर निम्म्याहून जास्त बादल्या वाळून खडखडीत झालेल्या. एकेचाळीसची पानं आईच्या मापानं पक्की उदबत्ती, पण बुडखा हिरवा होता, आणि तांबूस कणीस अर्धं बाहेर आलेलं होतं. आदल्याच दिवशी टँकर आला होता. सरांनी आपल्या वाट्याचं सगळं पाणी वर आणवलं. नियमच होता, की या दिवशी मोजायचं नाही, बुडाच्या भोकांतून वाहीपर्यंत द्यायचं. त्यांनी साठही बादल्यांना दिलं, मेलेल्यांनासुद्धा. एकेचाळीस शेवटी ठेवली.

मग त्यांनी आईकडे हात केला. आईनं ताटली काढून तांब्या दिला. सर बादलीपाशी उकिडवे बसले आणि धार धरली. तांब्या संपला, त्यांनी शेजारच्या पिंपातून भरला, पुन्हा ओतला, पुन्हा भरला. पाणी केव्हाच भोकांतून वाहायला लागलं होतं. गच्चीवरून, पन्हाळीतून, खाली रस्त्यावर. सर थांबत नव्हते.

"घे," ते पुटपुटत होते. "पोटभर घे. आज मोजत नाय."

खालून चव्हाणांचा आवाज आला, "अहो, कुणाची टाकी भरली? पाणी वाहायलंय!"

माझी आई, जी तांदूळ धुतलेलं पाणी भांड्याला आणि भांड्याचं पाणी झाडाला घालते, ती कठड्याशी गेली आणि खाली वाकून म्हणाली, "वाहू द्या."