पायरीभोवतीचे दिवे

“बारा व्होल्टात मुंगीसुद्धा मरत न्हाई! कामून भ्यायलीस?”

भिंतीपलीकडून गुंडप्पाअण्णांचा आवाज आला, तशी मी गच्चीवरून वाकून पाहिलं. ज्यांना हा धीर दिला जात होता, त्या गौरम्माकाकू ओट्यावर निवांत शेंगा सोलत होत्या. अण्णा मात्र पायात रबरी चपला, हातात रबरी मोजे अशा थाटात लाकडी पाटावर उभे राहून, अजून प्लगलाही न जोडलेल्या वायरीला लांबून काठीने डिवचत होते.

अण्णा आमचे शेजारी. भालकीच्या बाजारात त्यांचं भांड्यांचं दुकान होतं, ते आता मुलगा बघतो. दुकान सुटलं, पण वस्तू वाजवून पाहायची सवय काही सुटली नाही. बोटातल्या अंगठीने ते नारळ वाजवतात, दारं वाजवतात. आमचा नवा फ्रिज वाजवून म्हणाले, “पत्रा पातळ हाय.” त्यानंतर बाबा कितीतरी दिवस फ्रिजकडे संशयाने बघत होते. दवाखान्यात डॉक्टरांनी अण्णांची छाती तपासायच्या आधी अण्णांनी डॉक्टरांचं टेबल तपासलं, असं काकू सांगतात.

अंगणातल्या वाटेच्या कडेने लावायचे हे छोटे दिवे आले, तेव्हाही त्यांनी एकेक वाजवून पाहिला. “प्लास्टिक. आवाज बद्द हाय.” मग खोक्यातला इंग्रजी कागद घेऊन माझ्याकडे आले. इंग्रजी शाळेत शिकलेली म्हणून कॉलनीतले सगळे कागद माझ्याकडेच येतात.

“वाच पोरी. आन् मोठ्यानं वाच, देवासमोर पुटपुटल्यावानी नको.”

मी वाचलं. घरची वीज बारा व्होल्टांवर आणणारा डबा ओट्यावरच्या प्लगला लावा, तिथून वायर मातीत पुरत न्या, दिवे जमिनीत खोवा. अण्णांनी तसंच केलं. संध्याकाळी ओट्याजवळचे दिवे लख्ख लागले आणि फाटकाजवळचे नुसते मिणमिणले.

“तिकडंच तर उजेड पायजे!” अण्णा कडाडले.

“वायर बारीक आहे अण्णा. लांब जाता जाता जोर कमी होतो,” मी कागदात बघून म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते म्हशीच्या दाव्याएवढी जाड वायर घेऊन आले. तेवढ्यावरही समाधान झालं नाही. ओट्याजवळचे सगळे दिवे उपटले आणि फाटकाच्या आतल्या पायरीभोवती दाटीवाटीने खोवून टाकले.

“अण्णा, विमान उतरायलंय काय इथं?” रस्त्यावरून कुणीतरी ओरडलं.

“उतरंल की! तुला कामून खाज?”

ही पायरी पूर्वी नव्हती. गल्लीत सिमेंटचा रस्ता झाला, तो उंच झाला आणि अण्णांचं अंगण खाली राहिलं. म्हणून फाटकातून आत उतरायला पायरी बांधली. गेल्या नागपंचमीला अण्णांची ठाणाकुशनूरला दिलेली थोरली बहीण, नीलक्का, अंधारात त्या पायरीवरून पडली. मनगट मोडलं. अण्णा घाबरून तिच्यावरच ओरडले, “डोळे काय कुशनूरला ठिवून आलीस व्हय?” मनगट नीट जुळलं, पण नीलक्का पुन्हा आली नाही. हे मला काकूंनी शेंगा सोलता सोलता सांगितलं.

आमच्याकडे पंचमीला भाऊ बहिणीला आणायला जातो. यंदा अण्णा बसने ठाणाकुशनूरला गेले. बहिणीकडे चहा प्यायले, तिची भांडी वाजवून पाहिली, कढई बदल म्हणाले आणि परत आले.

“अहो, पण चल म्हनलात का न्हाई?” काकूंनी विचारलं.

“मग गेलतो कशाला? एवढं कळंना व्हय तिला?”

काकूंनी कपाळाला हात लावला.

पंचमीच्या दिवशी अण्णा दुपारपासूनच नवं धोतर नेसून ओट्यावर बसले होते. दिवेलागणीला मला हाक मारली, “पोरी, एक दिवा मिचकायलाय, बघ जरा.” मी फाटकाजवळ जाऊन बघितलं. एकही दिवा मिचकत नव्हता. तेवढ्यात फाटकासमोर रिक्षा थांबली.

नीलक्का खाली उतरली नाही. आतूनच डोकावून म्हणाली, “काय रे गुंड्या, जत्रा भरवलास व्हय दारात?”

अण्णा लगबगीने वाटेवर आले आणि मध्येच थांबले.

“वायर... जाड घेतलाव,” ते म्हणाले.

नीलक्का वाट बघत राहिली. अण्णा बोटातली अंगठी फिरवत राहिले.

“बरं,” ती म्हणाली. “हितं काम होतं, म्हनून आलते. हे लाडू गौरम्माला दे.” लाडवांचा डबा तिने माझ्या हातात ठेवला. “चल रे बाबा, स्टँडला घे.”

रिक्षा सुरू झाली. काकू आतून धावत येत होत्या, पण त्यांना पोचायला वेळ होता. अण्णा पायरीकडे बघत उभे होते.

“अक्का!” मी रिक्षाच्या आवाजावर आवाज चढवला. “तुम्ही पडलात त्याच पायरीला अण्णांनी सगळे दिवे लावलेत. घरापाशी एकसुद्धा ठेवला नाही. त्यांना बोलता येत नाही हो. तुम्ही उतरा.”