हिरीला सांभाळायला पदवी कशाला?

रविंद्ररावांनी रविवारी सकाळी एक छोटासा निर्णय घेतला. भाचीच्या तीन वर्षांच्या मुलीला, हिरीला, तासभर आपण एकट्याने सांभाळायचं. भाची भाविनी तिला ठेवून बाजारात गेली होती. सांभाळायला त्यांची मुलगी निलम घरात होतीच, पण धडा तिलाच शिकवायचा होता.

निलमने मुंबईत बालविकास शिकून पदवी आणली होती. उशिरा बोलायला लागणाऱ्या मुलांसाठी डहाणूत एक केंद्र होतं, तिथे दुसऱ्या दिवशी तिची मुलाखत होती. रविंद्रराव तलासरीच्या एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क. ज्या नोकरीत शिक्का मारायला मिळत नाही, ती त्यांच्या मते नोकरीच नव्हे.

"बालविकास!" ते चहात बिस्कीट बुडवत म्हणाले. "पोरं गवतासारखी वाढतात. गवताचा कुणी कोर्स करतं का?"

"करतात, पप्पा. कृषी महाविद्यालयात."

(बिस्कीट चहात पडलं.)

"यातून तू होणार काय? आया?"

"अंगणवाडी पर्यवेक्षिका होता येतं. हॉस्पिटलात आजारी मुलांसोबत काम करता येतं. खेळणी बनवणाऱ्या कंपनीत..."

"म्हणजे खेळायचा पगार! उद्या मुलाखत-बिलाखत काही नाही, तलाठ्याच्या परीक्षेचा फॉर्म भर. आणि जा जरा बाहेर. पोर कसं सांभाळतात ते आज दाखवतो."

निलम झेरॉक्स काढायला स्टेशनकडे गेली. तिची आई पुष्पा सायवनला माहेरी गेलेली. रविंद्ररावांनी पुढच्या दाराची खालची कडी आतून लावली, हिरीसाठी गॅसवर दूध ठेवलं, "इथून हलायचं नाही" असं कचेरीतल्या आवाजात बजावलं आणि दोन मिनिटांत येतो म्हणून आंघोळीला गेले. अंगाला साबण लागतो न लागतो तोच बाथरूमच्या दाराबाहेर खट्ट झालं.

"हिरी, कडी काढ."

"नाही."

"माझी ऑर्डर आहे!"

"ऑर्डर म्हणजे काय?"

तीस वर्षांच्या नोकरीत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

"चॉकलेट देतो."

"आधी दे."

"पोलीस येतील हं!"

"कधी?" हिरीने फारच आनंदाने विचारलं.

तेवढ्यात दूध करपल्याचा वास आला. "हिरी, गॅसजवळ जाऊ नकोस!" ते ओरडले. तोवर हिरीला गॅसची आठवणही नव्हती. ती आता झाली. स्वयंपाकघराकडे स्टूल फरफटत नेल्याचा आवाज आला.

"नको गं, माझे आई! पाया पडतो तुझ्या!" हेडक्लार्कांचा आवाज फाटला. त्यांनी दाराला खांद्याने धडका दिल्या. दार नव्या सागाचं होतं, त्यांनीच निवडलेलं.

निलम परतली तेव्हा दाराला आतून कडी, आत धूर आणि बापाचा आक्रोश. ती खिडकीशी गेली. ओरडली नाही.

"हिरी, तू मोठी झालीस का गं? पुढच्या दाराच्या कडीला हात पोचतो तुझा?"

"पोचतो!"

"छे, मला नाही वाटत."

स्टूल तिथेच टाकून हिरी धावत आली आणि पुढच्या दाराची कडी काढून दाखवली. निलमने आत धावत जाऊन गॅस बंद केला. मग म्हणाली, "आणि ती बाथरूमची?" हिरीने तीही काढली.

रविंद्रराव टॉवेल गुंडाळून बाहेर आले. कानात फेस होता. काळ्याठिक्कर पातेल्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं.

"किती वाजता आहे ती मुलाखत?"

"दहा वाजता."

"हं. वेळेवर जा."

तेवढ्यात भाविनी आली. भाचीसमोर त्यांना लगेच अवसान आलं.

"मामा, त्रास नाही ना दिला हिने? रडली का?"

"छे! अगं, पोर सांभाळायचं म्हणजे काय, जरा वचक हवा..."

"मी नाही रडले," हिरी म्हणाली. "आजोबा रडले. मग मी त्यांना बाहेर सोडलं."