अलंकारवाले मून सर

आमच्या सेलूत दोन माणसं भांडायला लागली, की मून सर जवळपास नाहीत ना, हे आधी बघून घेतात. सर आले की भांडणाचा विचका ठरलेला.

मून सर आमचे भिंतीला भिंत लागून शेजारी. आयुष्यभर शाळेत मराठी शिकवलं. सर निवृत्त झाले, पण त्यांचे अलंकार काही निवृत्त झाले नाहीत. मागे सांडपाण्याच्या नालीवरून देवरावची आणि त्याच्या चुलतभावाची जुंपली. देवराव ओरडला, "हा माणूस हाय का बैल हाय?"

"ससंदेह!" फाटकातून सरांचा आवाज.

देवराव क्षणभर थबकला, पण राग मोठा होता. "माणूस नाईच, बैल हाय हा!"

"वा! आता अपन्हुती झाली," सर चपला अडकवत पुढे आले. "आता नुसतं 'बैलासारखा' म्हणून पाह्य. ती उपमा. राग तोच, अलंकार तीन!"

चुलतभावाने घाबरत विचारलं, "सर, याच्यात सगळ्यात हलकी शिवी कोणती?"

"उपमा. त्याच्यात तू माणूसच राह्यतं."

शेवटी दोघेही उपमेवर राजी झाले आणि घरी गेले. नाली अजून तशीच तुंबलेली आहे.

एकदा सर आणि मी वर्ध्याहून एसटीने येत होतो. गर्दीत कंडक्टर ओरडला, "चला हो, पुढे हो, उभे का इथे रे!"

सर ताडकन उठले. "थांबा! पुन्हा म्हणा!"

कोणाचा तरी खिसा कापला, असंच सगळ्यांना वाटलं. सर समोरच्या दांडीवर लघु-गुरूचा ठेका धरून म्हणाले, "भुजंगप्रयात! चारही यगण चोख!"

"मी तर रोजच म्हणतो, सर," कंडक्टर लाजला.

"रोज वृत्तात बोलता? आणि वरून तिकिटंही काढता?"

मग अख्ख्या एसटीला यगण समजावून देण्याच्या नादात सेलू मागे पडलं. आम्ही केळझरला उतरलो आणि उलट्या गाडीने परत आलो.

या माणसाचं कौतुक फक्त त्यांच्या बायकोला, वत्सलाताईंना नव्हतं. सर जेवताना म्हणायचे, "आज वरण रुसून बसलं." ताई मिठाची बरणी पुढे आदळायच्या. "मीठ पाह्यजे तर मीठ म्हणा ना!"

गेल्या हिवाळ्यात ताईंना पक्षाघाताचा झटका आला. सेवाग्रामच्या दवाखान्यातून त्या धड हातपायांनी घरी आल्या, पण शब्द जागचे हलले होते. मनात एक असायचं, तोंडून दुसरंच निघायचं. सराव करून घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. पुण्याहून आलेला मुलगा, सुबोध, कप दाखवून म्हणायचा, "आई, कप म्हण." ताई तोंड फिरवून रडायच्या.

एका सकाळी मी तिथेच होतो. ताई म्हणाल्या, "ऊन." सुबोधने त्यांची खुर्ची अंगणात नेली. ताई नकारार्थी मान हलवत राहिल्या. सरांनी आतून गोधडी आणून त्यांच्या अंगावर घातली. ताई शांत झाल्या. मला वाटलं, आता व्याख्यान सुरू होणार. पण सर गोधडीची टोकं खोचत बसले.

मग एके दिवशी सर औषधं आणायला वर्ध्याला गेलेले, आणि ताईंनी "हिंगणी, हिंगणी" असा धोशा लावला. सुबोधने गाडी काढली आणि त्यांना थेट हिंगणीला नेलं. तिथे तर त्या आणखीच जोरात "हिंगणी!" म्हणायला लागल्या. हैराण होऊन तो परतला, तर फाटकाशी सर उभे. ताईंनी त्यांचा शर्ट घट्ट धरला आणि एकदम गप्प झाल्या.

संध्याकाळी ताई आत पडल्या होत्या. अंगणात सुबोधने माझ्यासमोरच विचारलं, "बाबा, आईचं हिंगणीत काय आहे?"

सर संकोचले. "लग्न झालं तवा मी हिंगणीच्या शाळेत होतो. नाव घेयाची लाज वाटे तिले. बायांत मले 'हिंगणीवाले' म्हणे."

सुबोधने आतल्या दाराकडे पाहिलं. मग म्हणाला, "मग उद्यापासून तिच्याकडून तुमच्या नावाचा सराव करून घेऊ?"

"काऊन? मले समजते ना."

आतून हाक आली, "हिंगणी!"

"आलो वं, आलो," म्हणत सर उठले. एक चप्पल पायात, एक तशीच अंगणात.