मगदूम सरांचं उजवं बोट

मगदूम सरांकडे चहाला गेलं, की आधी ते रिकामा कप आपल्यासमोर उलटा करून दाखवतात. "रिकामा हाय, बघून घ्या. मागनं तक्रार चालायची न्हाय." मग चहा.

सर शिकवायचे गणित, पण जीव केंद्राध्यक्षाच्या कामात. मतदानाच्या सकाळी उमेदवारांच्या प्रतिनिधींना यंत्र कोरं असल्याचं दाखवायचं, चाचणीची मतं टाकून पुसायची, मगच सील करायचं. निवृत्तीनंतर ही शिस्त घरात शिरली. लोणच्याच्या बरणीला सील लावून शेजारी म्हणून माझी सही घेत. आमच्या घराण्यात अंगठा सोडून सही करणारा मी पहिलाच. मला त्या बरणीचाही अभिमान वाटायचा.

गेल्या लोकसभेला सरांचा लाडका विद्यार्थी उभा राहिला. त्यांच्याच घरी जेवून शिकलेला. सर उन्हातान्हात त्याच्या प्रचाराला हिंडले. सरांच्या पत्नीचं, काकूंचं, मात्र ठरलेलं होतं. साखरेच्या आजारानं त्यांची दृष्टी गेली, तेव्हा हा पठ्ठ्या फिरकलासुद्धा नव्हता. "तुमच्या चेल्याला माझं मत न्हाय," त्यांनी सगळ्या गल्लीसमोर सांगून टाकलं.

दिसत नसलेल्या मतदाराला सोबती नेता येतो. काकूंचे सोबती सरच. हे कळल्यावर उमेदवार पाया पडायला आला आणि हसत म्हणाला, "मग काकूंचं मत बी आपलंच की, सर."

सरांनी त्याच्या हातातला कप काढून घेतला. "डोळं गेल्यात तिचं, मत न्हाय. ऊठ."

मतदानाला रांगेत मी त्यांच्या मागेच होतो. सर आपलं मत देऊन आले, मग काकूंना धरून आत गेले. पुठ्ठ्याच्या आडोशामागून काकूंचा आवाज आला, "यंत्रातल्या चिठ्ठीवर मी सांगितल्यालंच आलं न्हवं?"

"आलं," सर म्हणाले. काकूंनी पुन्हा विचारलं नाही.

सोबत्याच्या उजव्या बोटालाही शाई लावतात. बाहेर आल्यावर सर दोन्ही बोटं मिरवत होते. "डावं माझं, उजवं हिचं." आत काय दाबलं म्हणून गल्लीनं दिवसभर छेडलं, पण सरांनी दाद दिली नाही. निकालात चेला पडला. त्या दिवशी सर जेवले नाहीत, एवढं मात्र काकूंनीच मला सांगितलं.

पावसाळ्यात काकू गेल्या.

दिवाळीला मी फराळ घेऊन गेलो. कप उलटा झाला, सुलटा झाला. चहा ओतताना सरांचा हात दिसला. बाकीची नखं नीट कापलेली. उजव्या पहिल्या बोटाचं तेवढं लांब वाढलेलं, टोकाला शाईची काळी कड.

"सर, एक नख राहिलंय," मी म्हणालो.

त्यांनी किटली खाली ठेवली.

"ते माझं न्हाय."