गैरहजेरीचं बक्षीस

सगळ्या शाळा पूर्ण हजेरीचं बक्षीस देतात. वालूरजवळच्या आमच्या शाळेत खळीकर गुरुजी गैरहजेरीचं देतात. ताप, खोकला, पुरळ आल्यावर जे लेकरू मुकाट्यानं घरी बसलं, त्याला सव्वीस जानेवारीला स्टीलचा डबा. तोही गुरुजींच्या पगारातून.

सकाळी गुरुजी फाटकातच उभे. कुणी शिंकलं की संपलं. "काय रे, शिंकायलास? उचल दप्तर. घरी बस, बक्षीस घे." एकदा तपासणीला आलेले साहेबच शिंकले. गुरुजींनी हात जोडून त्यांना जीपपर्यंत पोचवलं. त्या वर्षी आमच्या शाळेला काय शेरा मिळाला ते विचारू नका.

लसीच्या दिवशी हा माणूस घरोघर उंबऱ्यावर ठाण मांडतो. एक आजी म्हणाली, "देवी कोपंल." गुरुजी म्हणाले, "देवीला मी समजावतो, तुमी लेकरू द्या." खिशात कायम साबणाची वडी, म्हणून आम्ही सहकारी मागून त्यांना साबण गुरुजी म्हणायचो.

बक्षीस द्यायला मात्र दरवर्षी सरूबाईच. सरपंच नुसते बघत बसायचे. सरूबाई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. तिचा एकुलता किसन दुसरीत असताना गोवरानं गेला. गुरुजींना तिची कणव येते, एवढंच मी धरून चाललो होतो.

यंदा गुरुजींचं निवृत्तीचं वर्ष. कार्यक्रम आटोपल्यावर त्यांनी सरूबाईला ऑफिसात बसवलं. मी चहा ठेवून निघालो तर म्हणाले, "थांबा, तुमीही ऐका."

"सरूबाई, किसनच्या शेजारी माझी लेक बसायची. तिच्या अंगावर पुरळ आलं, अंग तापलं. एक दिवस चुकला असता तर तिचं हजेरीचं बक्षीस गेलं असतं. मी घामोळ्या म्हणालो, पावडर लावली, वर्गात आणून बसवली. तिचाच गोवर किसनला लागला. दोघांचीही लस राहिली होती. माझी वाचली. हे सांगायचं धाडस मला इतकी वर्षं झालं न्हाई."

मला वाटलं, आता ही बाई ओरडेल, आणि ओरडली तर बरं होईल.

सरूबाईनं पदरानं तोंड पुसलं. "मला ठावं हाय, गुर्जी. त्याच दिशी घरी येऊन किसननं सांगितलं व्हतं. म्हणला, आई, गुर्जींच्या पोरीला लय खाजायलंय, मी दिसभर तिला पाटीनं वारा घातला."

गुरुजींनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्यांचे खांदे हलत होते. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं.

"मग इतकी वर्षं बोलला का न्हाईत?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"काय बोलू? दरसाल बोलावणं आलं की वाटायचं, यंदा तरी लेकीला संगं आणताल." तिनं कप बाजूला सारला. "एकदा आणा तिला. माझा किसन आज केवढा झाला असता, ते तिच्याकडं बघून मला कळंल."