भरल्यावर बोला

मोरेश्वर भोईर आमच्या घरी आले की चपला काढायच्या आधी पंखा बंद करतात. मग मान वर करून पाती थांबेपर्यंत तसेच उभे राहतात. "बाई, तिसरा पाता वाकलाय," असं जाहीर करतात आणि मगच खुर्चीत टेकतात. मे महिना असो, घरात पाहुणे असोत, त्यात बदल नाही. माझ्या भाचीच्या साखरपुड्यात त्यांनी हॉलमधले पंखे बंद केले तेव्हा गुरुजी घाम पुसत मंत्र विसरले होते.

बाई म्हणजे मी. मी आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, आता निवृत्त आहे. डोंबिवली पश्चिमेला, खाडीच्या बाजूला आमची इमारत. मोरेश्वरभाऊ आमच्या खालच्या मजल्यावर एकटे राहतात. होडीच्या मागच्या फळीवर बाहेरून टांगतात ती इंजिनं बसवायची आणि त्यांना योग्य पंखा जोडायचा, हे त्यांचं काम. पाण्यात फिरणाऱ्या त्या पितळी नाहीतर स्टीलच्या पात्यांनाही ते पंखाच म्हणतात. त्यामुळे जगातला कुठलाही पंखा त्यांना आपल्याच खात्यातला वाटतो.

माझ्याकडे ते गुणाकाराला येतात. मिनिटाला इंजिनाचे फेरे किती, एका फेऱ्यात पंखा होडीला किती इंच पुढे ढकलतो, मग तासाला वेग किती, असले हिशेब. "अहो, मोबाइलमध्ये होतं की हे," मी एकदा म्हणाले.

"मोबाइलला चुकल्यावर लाज वाटत नाय," ते म्हणाले. "तुम्हाला वाटते."

त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे. कुणी नवी गाडी घेतली, कुणाची नवी सून गुणाची निघाली, कुणा उमेदवाराने चौकात छान भाषण केलं, की हे शांतपणे म्हणतात, "रिकामी होरी कुनाचीबी पलते. भरल्यावर बोला." होरी म्हणजे होडी. यामुळे इमारतीत त्यांना आनंदाच्या प्रसंगी जरा उशिराच बोलावतात.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. पुरात लोकांना बाहेर काढणाऱ्या एका तरुण मंडळाला देणगीतून वेगवान होडी मिळाली. तळ व्ही आकाराचा, पाणी कापत जाणारा, मागे दणकट इंजिन. शहाड-आंबिवलीकडे नदी चढली की ती पाठवायची होती. मंडळाचा प्रमुख साळवी मोठ्या हौसेने मोरेश्वरभाऊंना घेऊन गेला. खाडीत चाचणी झाली. साळवी आणि एक पोरगेलासा चालक, असे दोघेच होडीत. होडी अशी सुटली की काठावरच्यांनी टाळ्या वाजवल्या.

"कशी वाटली, काका?"

"पंखा चुकलाय. इंजिनबी वर टांगलाय."

"काका, पळतेय की!"

"भरल्यावर बोला."

तपासून सही करायच्या कागदाला त्यांनी हात लावला नाही.

पुढच्या रविवारी सकाळी ते आमच्या इमारतीत दारोदार फिरले. "वाळूच्या गोणी चालत नाय. गोण घाबरत नाय, हलत नाय. मला मानसं पायजेत." आम्ही दहा जण निघालो. बंदरावर प्रत्येकाला वजन विचारून जागा दिली. खरं वजन कुणीच सांगत नव्हतं, म्हणून ते अंदाजाने पाच-पाच किलो वाढवत होते. आमच्या ह्यांना मात्र न विचारताच मधोमध बसवलं.

मग त्यांनी वाळूची एक गोण आणली, माझ्या शेजारी ठेवली आणि दोरीने नीट बांधली.

"गोण चालत नाही म्हणालात ना?"

"ही चालते," ते म्हणाले आणि इंजिनाकडे वळले.

होडी निघाली. नाक वर, बूड खाली, इंजिन धापा टाकतंय आणि आम्ही बैलगाडीच्या वेगाने चाललोय. वळण घेतलं तर पंख्याने हवा ओढली, इंजिन नुसतंच किंचाळलं आणि होडी जागच्या जागी सैल पडली. साळवीचा चेहरा उतरला. पाती जास्त पिळलेली असली की रिकाम्या होडीला वेग मिळतो, भरलेली मात्र उचलत नाही. सायकल मोठ्या गिअरवर ठेवून चढ चढण्यातला प्रकार.

मोरेश्वरभाऊंनी इंजिन टांगायच्या पट्टीवर एक भोक खाली घेतलं, कमी पिळाचा पंखा चढवला आणि पुन्हा आम्हाला बसवलं. या वेळी होडी थोडी रेंगाळली आणि मग कुणीतरी खालून हात दिल्यासारखी वर आली, सपाट झाली, धावू लागली. आम्ही सगळे ओरडलो. वळणावरही पंख्याने पाणी सोडलं नाही.

"पण काका, रिकामी असताना आता हळू जाईल," साळवी म्हणाला.

"बाबा, रिकामी फिरवून कुनाला वाचवनार?"

सगळे पांगल्यावर मी गोणीबद्दल पुन्हा विचारलं. ते दोरी सोडवत होते. मान वर न करताच बोलू लागले.

"बावन्न किलोची हाय. माझ्या सुलोचनाचा वजन."

सुलोचना त्यांची बायको. ती अलिबागला मुलीकडे असते, एवढंच आम्हाला ठाऊक होतं. पूर्वी दोघं शहाडच्या बाजूला नदीकाठच्या घरात राहत. एका पावसाळ्यात पहाटे पाणी घरात शिरलं. शर्यतीसाठी तयार केलेली भाऊंची होडी दारातच होती. शेजारची लहान मुलं, दोन म्हातारी माणसं होडीत बसवली. सुलोचनाबाईंचा एक पाय होडीत होता. होडी जड झालेली पाहून भाऊ म्हणाले, "तू थांब. हा आलोच." त्या मुकाट्याने शिडीने पत्र्यावर चढल्या.

"शर्यतीचा पंखा होता, बाई. भरलेली होरी उठलीच नाय. धारेनं ओढत नेली खाली. मानसं उतरवली, पन परत यायला दुपार झाली."

"आणि त्या?"

"पत्र्यावरच. भिजलेली. मांडीवर शेजारनीची कोंबडी." त्यांनी दोरीचा शेवटचा फास सोडवला. "मी होरी लावली आनि पयला काय बोललो ठाव हाय? 'पंखा चुकला.'"

दोरीचं वेटोळं करत ते पुढे म्हणाले,

"ती भांडली नाय. दिवाळीला लेकीकडं गेली, ती तिकडंच राहिली. सुकट पाठवते. फोन केला तर पाऊस किती, भाव किती, एवढाच बोलते. तवापासून परतेक होरीत तिचा वजन धरून पंखा लावतो. पन तिला कसा सांगू?"

गेल्या पावसाळ्यात आंबिवलीच्या पुढे नदीने वस्ती वेढली. दुसऱ्या दिवशी दुपारी मोरेश्वरभाऊ आमच्याकडे चहा घेत बसले असताना साळवीचा फोन आला. घसा बसलेला होता, तरी ओरडून सांगत होता. एका घरातली अकरा माणसं, एकाच खेपेत, उलट्या धारेतून. कुणालाही मागे ठेवावं लागलं नाही.

"बरा झाला," एवढंच म्हणून भाऊंनी फोन ठेवला. कप बाजूला सारला. मग खिशातून पेन काढलं, तेव्हा मला वाटलं, आता गुणाकार.

"बाई, तुम्ही शिकवलंत पोरांना. मला एक सांगा. त्या दिवशी मी पयला काय बोलायला पायजे होता?"

एवढा सोपा प्रश्न मला आयुष्यात कुणी विचारला नव्हता. "'तू बरी आहेस ना,'" मी म्हणाले. "एवढंच पुरलं असतं, भाऊ."

त्यांनी ते चार शब्द वर्तमानपत्राच्या कडेला लिहून घेतले. मग चष्मा लावून तिथेच नंबर लावला. ऐकायला कमी येतं म्हणून ते फोन नेहमी स्पीकरवर ठेवतात. मी उठू लागले, तर हातानेच बसा म्हणाले.

"हां, बोला," पलीकडून आवाज आला. "पाऊस हाय का तिकडं?"

त्यांनी कागदाकडे पाहिलं. "सुलोचना, तू बरी हायस ना?"

"मला काय झालाय?"

"आता नाय. तवा. पत्र्यावर."

पलीकडे कुणीतरी भांडी घासत होतं, तो आवाज येत राहिला. मग तोही थांबला.

"पाय लय गारठलेले माझे," सुलोचनाबाई म्हणाल्या.

"सांग," मोरेश्वरभाऊ म्हणाले. "सगला सांग."

त्या सांगू लागल्या. मी कपबशा उचलल्या आणि स्वयंपाकघराचं दार हळूच ओढून घेतलं.