अनंतरावांचा पांढरा

"जरा पिवळा कमी करतो," असं म्हणून अनंतरावांनी रिमोट हातात घेतला. झालं ते एवढंच. पण संसारात मोठी संकटं अशीच येतात. 'जरा' म्हणून आत शिरतात आणि मग पाय पसरून बसतात.

टीव्ही नवा होता. पासष्ट इंची, भिंतीला चिकटवलेला, आणि इतका पातळ की याच्यामागे पाली राहणार तरी कशा, अशी चंद्रिकाबाईंना चिंता पडली होती. रिटायर होऊन चार वर्षं झाल्यावर अनंतरावांनी स्वतःसाठी केलेला हा एकच मोठा खर्च. आता खुर्चीत बसायचं, पाय स्टुलावर टाकायचे आणि कुणी काही काम सांगितलं तर ऐकू आलं नाही असं दाखवायचं, एवढाच त्यांचा उरलेल्या आयुष्याचा बेत होता. माणूस दमला होता.

दमणार नाही तर काय? एकतीस वर्षं त्यांनी गाड्यांच्या कारखान्यात, पेंट शॉपमध्ये, रंग तपासले होते. दोन पत्र्यांचा रंग एकच आहे की नाही यावरून दोन इंजिनियर भांडायला लागले की कुणीतरी म्हणायचं, "अनंतरावांना बोलवा." अनंतराव यायचे, चष्मा पुसायचे, पत्रा ट्यूबलाइटखाली तिरका धरायचे आणि म्हणायचे, "रिजेक्ट." मशीनने पास म्हटलेलं अनंतरावांनी रिजेक्ट केलं, तर मशीन दुरुस्तीला जायचं. कारखान्यातल्या प्रत्येक यंत्राचं दर सहा महिन्यांनी कॅलिब्रेशन व्हायचं, म्हणजे ते खरं सांगतंय ना याची परीक्षा व्हायची, आणि त्याच्यावर तारखेचं स्टिकर लागायचं. अनंतरावांचे डोळेही वर्षातून एकदा कंपनीचा डॉक्टर तपासायचा. रिटायर झाल्यावर डॉक्टरने बोलावलं नाही आणि अनंतरावांनाही आठवण झाली नाही.

तर 'अनंतरावांचा डोळा' ही त्यांची आयुष्यभराची कमाई होती. (त्यांना गाता येत नव्हतं, पोहता येत नव्हतं आणि गाडी रिव्हर्समध्ये घेताना अजूनही चंद्रिकाबाईंना खाली उतरावं लागायचं. डोळा काढून घेतला तर शिल्लक फारसं काही राहत नव्हतं, आणि हे त्यांना पक्कं माहीत होतं.) तळेगावात घोरावाडी स्टेशनजवळच्या त्यांच्या 'धवलगिरी' सोसायटीने गेल्या वर्षी बिल्डिंगला पांढरा रंग द्यायचं ठरवलं, तेव्हा सेक्रेटरी महिपती नमुने घेऊन थेट त्यांच्याकडेच आले. "तुम्ही पास कराल तो पांढरा," म्हणाले. अनंतरावांनी सात नमुने पिवळट म्हणून रिजेक्ट केले. रंगाऱ्याला ते दर वेळी सांगायचे, "थोडा निळा घाल, पांढरा खुलतो." आठवा नमुना पास झाला. बिल्डिंग रंगून झाली आणि कुणी एका शब्दाने तक्रार केली नाही. महिपतींनी त्याच आठवड्यात नवा चष्मा केला. "आपली बिल्डिंग आता स्टेशनवरून ओळखू येते हं," असं लोक जिन्यात म्हणायचे आणि अनंतराव मान जराशी झुकवून ते स्वीकारायचे.

असा हा माणूस. त्याच्या घरात, त्याच्या पैशाने आलेला टीव्ही पिवळा दिसतो म्हणजे काय?

त्यांनी पिवळा कमी केला. मग निळा वाढवला. मग सेटिंगच्या आत एक सेटिंग सापडलं, त्याच्या आत आणखी एक. तासाभराने चित्र त्यांना हवं तसं झालं आणि ते समाधानाने पाय वर घेऊन बसले. तेवढ्यात चंद्रिकाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"अहो, या बाईला काय झालं?"

"कोणत्या?"

"बातम्या देणाऱ्या. फ्रीजमधून आत्ताच काढल्यासारखी दिसतेय."

"हा खरा रंग आहे. इतके दिवस तू चुकीचा बघत होतीस."

"माझे डोळे चांगले आहेत. तपासलेले आहेत," चंद्रिकाबाई म्हणाल्या. कधी तपासले आणि कशाला, हे अनंतरावांनी विचारलं नाही. चाळीस वर्षं शाळेत शिकवून रिटायर झालेल्या बायकोला उलट प्रश्न करायचा नसतो, एवढं ते शिकले होते.

दुसऱ्या दिवशी ते फिरायला गेले तेव्हा चंद्रिकाबाईंनी सगळं होतं तसं केलं. आल्यावर अनंतरावांनी परत निळं केलं. पुढचे दहा दिवस हेच चाललं. चंद्रिकाबाईंचा रेसिपीचा कार्यक्रम लागला की त्यातली हळद हिरवी आणि पनीर आकाशी. कामाला येणाऱ्या नंदाबाई कामशेतच्या पुढच्या गावातून यायच्या. झाडू हातात धरून त्या एक दिवस टीव्हीसमोर उभ्याच राहिल्या.

"ताई, ह्ये समदे आजारी हायेत का वं? का कुणाला इख घातलंय?"

"भाऊंना विचार," चंद्रिकाबाई म्हणाल्या.

"भाऊंना इचारायचंच व्हतं. भाऊ, तुमच्या सदऱ्यास्नी नीळ अजून किती घालू? मागल्या म्हयन्यात दोन बाटल्या गेल्या. आन तुमी म्हन्ता पिवळंच."

"पाणी खराब आहे इथलं," अनंतराव म्हणाले. त्यांना आता कुणाला काही समजावायचा कंटाळा आला होता. सगळं जग पिवळं पडत चाललं होतं आणि ते त्यांना एकट्यालाच दिसत होतं, याचा शीणच फार होता.

शेवटी पुण्याहून मुलीचा, अपूर्वाचा, फोन आला. आईने तिच्याकडे फिर्याद नेली होती.

"बाबा, एवढ्या महागाच्या टीव्हीला हल्ली कॅलिब्रेशन लागतं का?"

"महागाचा आहे म्हणूनच लागतं. स्वस्तातल्याकडून कुणाची अपेक्षा असते?"

"मग माणूस बोलवा ना. आईला कशाला छळता?"

अनंतरावांना हे एकदम पटलं. बाहेरचा तज्ज्ञ, हातात रंग मोजायचा मीटर, वर छापील रिपोर्ट. रिपोर्ट आला की तो फ्रेम करून टीव्हीशेजारी लावायचा आणि मग निवांत बसायचं. कुणी तरी एकदा म्हणावं, अनंतराव, तुमचा डोळा बरोबर. बाकी काही नको होतं त्यांना.

लोणावळ्याच्या बंगल्यांमधले मोठाले टीव्ही लावून देणारी इंद्रायणी नावाची एक बाई असल्याचं कळलं. शनिवारी दुपारी ती आली. पस्तिशीची, खांद्याला जड बॅग, आणि चेहऱ्यावर आठवडाभर दुसऱ्यांचे टीव्ही बघून आलेला थकवा. अनंतरावांना ती लगेच आपल्यातली वाटली.

"पत्ता सापडला ना?"

"शोधावाच लागला नाही. स्टेशनवरच्या रिक्षावाल्यांनी नुसतं बोट दाखवलं," ती म्हणाली आणि खिडकीतून बाहेरच्या भिंतीकडे एकदा बघून तिने पडदे ओढून घेतले.

तिने तिकाटणं उभं केलं, त्यावर मीटर लावला, मांडीवर लॅपटॉप घेतला. पडद्यावर करडे, लाल, हिरवे चौकोन येऊ-जाऊ लागले. दहा मिनिटांनी तिने वर बघितलं.

"काका, हे सेटिंग कुणी केलंय?"

"मीच. का?" अनंतराव खुर्चीत पुढे सरकले.

"नाही, विचारलं आपलं." ती एवढंच बोलली आणि तिने सगळं पुसून कंपनीचं सिनेमाचं सेटिंग लावलं. पुन्हा चौकोन. मग तिने लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. "हे बघा. काही न करता जवळजवळ बरोबर आहे. पूर्वी असला टीव्ही खोक्यातून निघाला की माझी अख्खी दुपार जायची. हल्ली या किमतीतले कारखान्यातूनच चांगले येतात. उरलेला फरक माझ्या मीटरला कळतो, माणसाला क्वचित."

"म्हणजे कॅलिब्रेशन लागत नाही?"

"ज्याला अगदी काटेकोर हवंय त्याला लागतं. खोलीतला उजेड बदलला, टीव्ही जुना झाला, तरी लागतं. बाकीच्यांना एक बटण दाबून भागतं. पण हे मी लोणावळ्यात सांगत फिरले तर मला खायला कोण घालणार?"

चंद्रिकाबाईंना ती बाई फार आवडली. त्यांनी तिला चिवड्याची आणखी एक बशी दिली.

"पण हे पिवळं आहे," अनंतराव म्हणाले.

"मीटर म्हणतोय पांढरं आहे."

"मीटर तपासून घ्या तुमचा. एकतीस वर्षं मी हेच केलंय."

इंद्रायणी रागावली नाही. तिने मीटरवरचं स्टिकर दाखवलं. तारीख मागच्याच महिन्यातली होती. स्टिकरपुढे अनंतराव आयुष्यात कधी बोलले नव्हते, आताही बोलले नाहीत. मग तिने पडद्यावर नुसता कोरा पांढरा रंग आणला.

"काका, उजवा डोळा झाका. काय दिसतंय?"

"पांढरं. जरा पिवळट."

"आता डावा झाका."

अनंतरावांनी डावा झाकला. पुन्हा उजवा झाकला, पुन्हा डावा. या डोळ्याने साय, त्या डोळ्याने कोरा चहा. टीव्ही एकच होता. दोन डोळ्यांत दोन पांढरे, आणि तेही एकतीस वर्षं पांढरा पास करणाऱ्या माणसाच्या. कारखान्यात असं यंत्र सापडलं असतं तर त्यांनी स्वतःच त्याला लाल चिठ्ठी लावून कोपऱ्यात ठेवलं असतं.

"माझ्या आईचं असंच झालं होतं," इंद्रायणी हळू आवाजात म्हणाली. "मोतीबिंदू. साधं ऑपरेशन असतं हो. दाखवून या."

"आमच्या आबांचंबी त्येच झालतं," दारातून नंदाबाई म्हणाल्या. "दुधात हळद घातली म्हनून म्हातारीवर लय वरडायचे."

त्या दिवशी अनंतरावांनी टीव्ही लावला नाही. चंद्रिकाबाईंनी संध्याकाळी न मागता चहा करून दिला, आणि टोमणा मारला नाही. त्यामुळे त्यांना जास्तच वाईट वाटलं.

पुढच्या पंधरवड्यात ऑपरेशन झालं. आधी उजव्या डोळ्याचं. आत नेण्यापूर्वी नर्सने त्यांच्या उजव्या भुवईवर एक गोल स्टिकर चिकटवलं, चुकून दुसरा डोळा होऊ नये म्हणून. अनंतराव निमूट पडून होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी निघाली आणि ते बघतच राहिले. हॉस्पिटलची भिंत पांढरी होती. डॉक्टरचा कोट पांढरा होता. स्वतःचा सदरा मात्र निळा निघाला. त्यांचा जीव एवढा हलका झाला की त्यांनी डॉक्टरचा हातच सोडला नाही. डोळा गेला नव्हता, नुसता मळला होता. उरलेला डावाही महिन्याभरात होईल, मग पुन्हा कुणीही नमुना घेऊन यावं.

ओळखीच्या सोपानच्या रिक्षातून दोघं घरी निघाले. डॉक्टरने काळा चष्मा काढायचा नाही असं बजावलं होतं. म्हणून अनंतरावांनी तो काढला नाही, फक्त नाकावरून जरा खाली घेतला. झाडं हिरवी दिसत होती, पाट्यांवरची अक्षरं वाचता येत होती. घोरावाडी स्टेशनजवळ वळताना ते एकदम ताठ झाले.

"सोपान, ती निळी बिल्डिंग नवीन झाली का रे?"

सोपानने रिक्षा हळू केली.

"काय भडक! अरे, धुण्याच्या निळीत बुडवून काढलीय जशी. हा रंग पास करणाऱ्याला डोळे होते की नाही?"

"भाऊ, म्या काय बोलू?" सोपान आरशातून मागे बघत म्हणाला. "ताईच सांगत्याल."

सोपानने रिक्षा त्या निळ्या बिल्डिंगच्या फाटकातून आत घातली, आणि फाटकावरची पाटी अनंतरावांना नव्या डोळ्याने अगदी स्वच्छ वाचता आली. धवलगिरी.

अनंतरावांनी काळा चष्मा पुन्हा नाकावर वर घेतला.

"वर्ष झालं," अनंतराव म्हणाले. "एका माणसाने सांगू नये मला?"

"कोण सांगणार? अनंतरावांचा डोळा म्हटल्यावर प्रत्येकाला वाटलं, आपल्याच डोळ्यांत काहीतरी झालंय. महिपतींनी चष्मा बदलला. खालच्या अनघाताई पुण्याला जाऊन मोठ्या डॉक्टरला दाखवून आल्या."

"आणि तू?"

चंद्रिकाबाईंनी औषधांची पिशवी उचलली आणि रिक्षातून खाली पाय ठेवला.

"मी दोनदा."